सोलर वॉटर हीटरसाठी सर्क्युलेशन पंप कसा निवडावा: मराठवाड्यातील पाणी, ऊन आणि वीज यांच्या संदर्भात

तीन वर्षांपूर्वी लातूरला औसा रोडवरील एका विद्यार्थी वसतिगृहाच्या गच्चीवरून मी अर्ध्या अश्वशक्तीचा एक मोनोब्लॉक पंप उतरवला. तो उघडून पाहिला तेव्हा इंपेलरच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकाच्या, पात्यांवर अंड्याच्या कवचाइतका जाड पांढरा थर बसलेला होता आणि शाफ्टपाशी पाणी गळू न देणाऱ्या मेकॅनिकल सीलचे रबर बोटाने दाबताच त्याचे तुकडे पडत होते. वर्षभरात बदललेला तो तिसरा सील होता. हा पंप कमी पडतो, तेव्हा एक एचपीचा बसवून द्यावा, अशी व्यवस्थापकांची मागणी होती. प्रत्यक्षात तो पंप कामाच्या मानाने दहापट मोठा होता आणि त्याला मारले होते ते क्षारांनी आणि उष्णतेने. आपल्या भागात सोलरचे पंप ताकद कमी पडल्यामुळे क्वचितच बंद पडतात. जड पाणी, तापलेले पाणी, रिकामी टाकी आणि विजेचा कमीजास्त दाब ही त्यांच्या बिघाडाची खरी कारणे आहेत, म्हणून निवडही याच चार गोष्टी समोर ठेवून करावी लागते.

आधी पंप लागतो का, ते पाहावे

घरगुती १०० ते ३०० लिटरच्या बहुतेक सोलर हीटरना पंपाची मुळीच गरज नसते. कलेक्टरमधील, म्हणजे ऊन झेलून पाणी तापवणाऱ्या पॅनेलमधील, पाणी तापून हलके होते व वर टाकीत चढते, आणि टाकीच्या तळाचे थंड पाणी त्याची जागा घेते. या थर्मोसायफन रचनेत टाकीचा तळ कलेक्टरच्या वरच्या कडेपेक्षा साधारण एक-दोन फूट उंच असला, म्हणजे अभिसरण आपोआप चालू राहते. टाकी अशी उंचावर ठेवणे शक्य असेल, तर पंपाच्या फंदात पडू नये, असे मी प्रत्येक घरमालकाला सांगतो, कारण जो भाग बसवलेलाच नाही तो बिघडत नाही.

टाकी कलेक्टरच्या खाली किंवा दूर ठेवावी लागते तेव्हा, आणि वसतिगृह, रुग्णालय, भक्तनिवास, मंगल कार्यालय अशा ठिकाणी अनेक कलेक्टर एकाच मोठ्या टाकीला जोडायचे असतात तेव्हा सर्क्युलेशन पंप अपरिहार्य ठरतो. येथे नावांचा एक घोळ नेहमी होतो. शॉवरला जोर यावा म्हणून लावतात तो प्रेशर पंप वेगळा, आणि टाकी व कलेक्टर यांच्यामध्ये पाणी फिरवत ठेवणारा सर्क्युलेशन पंप वेगळा. पहिल्याचे काम दाब वाढवणे हे आहे, तर दुसऱ्याला दिवसाचे सहा-सात तास अगदी थोड्या दाबाने संथपणे पाणी फिरवायचे असते. दुकानात नुसते ‘सोलरचा पंप’ म्हटले की पुष्कळदा प्रेशर पंप पुढे येतो, म्हणून काम काय आहे ते स्पष्ट सांगावे.

किती मोठा पंप हवा

‘इमारत तीन मजली आहे, तेव्हा मोठा पंप घ्या’ हा सल्ला मी असंख्य वेळा ऐकला आहे आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. पाण्याने पूर्ण भरलेल्या बंद चक्रात जितके पाणी वर चढते तितकेच दुसऱ्या बाजूने खाली उतरते. उतरणाऱ्या पाण्याचे वजन चढणाऱ्या पाण्याला तोलून धरते, त्यामुळे उंचीचा भार पंपावर पडतच नाही. विहिरीच्या रहाटाला दोन्ही बाजूंनी सारख्या भरलेल्या बादल्या टांगल्या, तर रहाट फिरवायला जितका जोर लागेल, तितकाच येथे लागतो. पंपाला केवळ पाइप, बेंड, व्हॉल्व्ह आणि कलेक्टर यांतील घर्षणावर मात करायची असते. ज्या रचनेत पंप थांबल्यावर कलेक्टरमधील पाणी खाली उतरून टाकीत येते, तेवढ्या ठिकाणी मात्र सुरुवातीला उंचीचा विचार करावा लागतो.

त्याच वसतिगृहाचे गणित येथे मांडतो. ८० विद्यार्थ्यांना प्रत्येकी २५ लिटर धरले, तर रोज २,००० लिटर गरम पाणी लागते. १०० लिटरमागे २ चौरस मीटर कलेक्टर या नेहमीच्या हिशेबाने तेथे ४० चौरस मीटर, म्हणजे २ चौरस मीटरचे २० कलेक्टर होते. प्रत्येक चौरस मीटरला ताशी ५० लिटर प्रवाह धरला की पंपाने तासाला २,००० लिटर पाणी फिरवले पाहिजे, असे उत्तर येते. भर उन्हात अशा संचातून सुमारे १८ किलोवॅट उष्णता मिळते आणि या प्रवाहाने पाणी एका फेरीत साधारण ८ अंशांनी तापते. हा फरक योग्य समजावा. फरक २ अंशांवर आला तर प्रवाह गरजेपेक्षा जास्त आहे, आणि २० अंशांवर गेला तर प्रवाह कमी पडतो आहे किंवा कोठेतरी हवा धरली आहे, असे समजावे.

आता घर्षण पाहू. जाणारा व येणारा पाइप मिळून ६० मीटर लांबी आणि बेंड-व्हॉल्व्ह यांचे आणखी ३० मीटर धरले, तर ९० मीटर होतात. इतक्या लांबीत हा प्रवाह एक इंची पाइपातून नेला, तर सुमारे साडेचार मीटर हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) खर्ची पडते. तोच सव्वा इंची पाइपातून नेला, तर दीड मीटरच्या आसपास भागते. कलेक्टर, गाळणी आणि पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह यांसाठी एक मीटर मिळवले की सव्वा इंची पाइपवर एकूण गरज अडीच मीटरची ठरते. तासाला २,००० लिटर पाणी अडीच मीटर हेडवर फिरवण्यासाठी पाण्याला प्रत्यक्ष द्यावी लागणारी शक्ती फक्त १४ वॅट आहे. पंपाची कार्यक्षमता तीस-पस्तीस टक्के धरली, तरी ४५ वॅटचा पंप हे काम सहज करतो. पाइप एका आकाराने मोठा घेणे हा पंपावरचा खर्च वाचवण्याचा सर्वांत सोपा उपाय आहे, आणि पाइप तर पंपापेक्षा कितीतरी अधिक काळ टिकतो.

याउलट अर्ध्या अश्वशक्तीची मोटर शाफ्टवर सुमारे ३७० वॅट देते आणि मीटरमधून साडेपाचशे वॅटच्या आसपास ओढते. रोज ७ तास व वर्षाचे ३०० दिवस धरले, तर ती १,१५० युनिटच्या पुढे जाते, तर ४५ वॅटचा पंप त्याच काळात ९५ युनिटच्या आत राहतो. नुकसान केवळ बिलाचेही नाही. मोठा पंप टाकीतील पाणी घुसळून काढतो, वर गरम आणि खाली थंड असे जे थर टाकीत राहायला हवेत ते मोडतात, आणि पहाटे पाच वाजता नळ सोडणाऱ्या मुलाला कडक पाण्याऐवजी कोमट पाणी मिळते.

जड पाणी आणि पंपाची धातू

मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे आणि खोल बोअरचे पाणी अनेक ठिकाणी फार जड असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आय.एस. १०५०० मध्ये, एकूण काठिण्याची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत मुभा आहे. पंप घेण्याआधी आपल्या पाण्याची तपासणी करून हा आकडा हातात ठेवावा. टँकरचे पाणी येत असेल, तर उन्हाळ्यात एकदा वेगळी तपासणी करावी, कारण टँकर कोणत्या विहिरीवर भरला यावर पाण्याचा गुण बदलतो.

पाणी तापले की त्यात विरघळलेला कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतो, आणि ६० अंशांच्या पुढे हा वेग बराच वाढतो. येथेच पंपाच्या प्रकाराचा प्रश्न येतो. ज्याला वेट रोटर म्हणतात त्या छोट्या सर्क्युलेशन पंपात मोटरचा रोटर पाण्यातच फिरतो आणि त्याच्या बेअरिंगना तेच पाणी वंगण म्हणून मिळते. त्याला शाफ्ट सील नसल्यामुळे गळती होत नाही, आवाज जवळजवळ येत नाही आणि वीज कमी लागते. परंतु रोटर व त्याच्या भोवतीचे कवच यांतील फट अतिशय बारीक असते, त्यामुळे सतत नवे जड पाणी येत राहिले तर क्षार साचून रोटर जाम होतो. म्हणून काठिण्य ३०० च्या पुढे असेल, तर वापराचे पाणी कलेक्टरमधून फिरवूच नये, असे माझे ठाम मत आहे. मध्ये हीट एक्स्चेंजर, म्हणजे दोन पाणी एकत्र न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणारा भाग, घालून कलेक्टरचे चक्र वेगळे करावे आणि त्यात एकदाच मृदू किंवा क्षारविरहित पाणी भरावे. तेच पाणी वर्षानुवर्षे फिरत राहते, नवा क्षार आत येत नाही आणि छोटा वेट रोटर पंप दीर्घकाळ टिकतो. एक्स्चेंजरमुळे खर्च वाढतो हे खरे आहे, आणि त्यातील दाबघट वरच्या हेडच्या हिशेबात मिळवावी लागते. अशा चक्रात पाणी तापल्यावर फुगते. २० वरून ८० अंशांपर्यंत त्याचे आकारमान सुमारे पावणेतीन टक्क्यांनी वाढते, म्हणून फुगलेले पाणी सामावून घेणारा एक्स्पान्शन टँक आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांना पर्याय नाही. आपल्याकडे पाणी गोठण्याचा प्रश्न सहसा नसल्यामुळे थंड प्रदेशातल्यासारखे पाणी गोठू न देणारे ग्लायकॉल घालण्याची गरज पडत नाही.

बॉडीच्या धातूचा नियम सोपा आहे. बंद चक्रात जुन्या पाण्यातील प्राणवायू संपून जातो, तेथे बिडाच्या बॉडीचा स्वस्त पंप चालतो. वापराचे ताजे पाणी ज्यातून जाते तेथे मात्र बीड गंजते आणि नळाला तांबूस पाणी येते, म्हणून तेथे स्टेनलेस स्टील किंवा गनमेटल यांचीच बॉडी घ्यावी. आणखी एक बारकावा असा की नव्या वीजबचत करणाऱ्या पंपांच्या रोटरमध्ये कायमचे चुंबक असते आणि पाइपातील गंजाचा काळा चुरा त्याला चिकटतो. जुन्या जी.आय., म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाइपवर असा पंप लावायचा असेल, तर त्याच्या आधी चांगली गाळणी, शक्य झाल्यास चुंबकीय गाळणी बसवावी.

तापमान आणि पंपाची जागा

शेतीचे व घरगुती मोनोसेट पंप ज्या आय.एस. ९०७९ या मानकाखाली येतात, त्याच्या शीर्षकातच ‘स्वच्छ, थंड पाणी’ असा उल्लेख आहे. म्हणजे पंप वाईट नसतो, तर तो वेगळ्या कामासाठी बनवलेला असतो. मोठ्या संचासाठी सील असलेला पंपच घ्यावा लागला, तर सीलचे रबर ई.पी.डी.एम. किंवा व्हायटॉन आहे ना आणि तो गरम पाण्यासाठी आहे असे कागदावर लिहिलेले आहे ना, हे पाहावे. वेट रोटर पंपाच्या पाटीवर टी.एफ. ११० अशासारखी खूण असते, म्हणजे ११० अंशांपर्यंतचे पाणी त्याला चालते. सोलरसाठी यापेक्षा कमी घेऊ नये.

पंप नेहमी थंड बाजूला, म्हणजे टाकीच्या तळातून कलेक्टरकडे जाणाऱ्या पाइपवर बसवावा. गरम बाजूला बसवलेल्या पंपाला जास्त तापमान तर सोसावे लागतेच, शिवाय ओढीच्या तोंडाशी पाण्याची वाफ होण्याचा धोकाही वाढतो. पाणी ६० अंशांवर असताना त्याचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊ पाहण्याचा जोर, सुमारे २ मीटर पाण्याइतका असतो आणि ८० अंशांवर तो जवळजवळ ५ मीटरवर जातो. लातूर समुद्रसपाटीपासून ६०० मीटरपेक्षा उंच असल्यामुळे हवेचा दाब आधीच सुमारे ७ टक्के कमी आहे आणि पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. म्हणून उघड्या टाकीचा संच असेल, तर टाकीतील पाण्याची पातळी पंपाच्या पुरेशी वर असावी. किती वर, ते त्या पंपाच्या कागदावर तापमानानुसार दिलेले असते. पंपातून खडे खळखळल्यासारखा आवाज येऊ लागला, की आत वाफेचे बुडबुडे फुटत आहेत आणि इंपेलर कुरतडला जात आहे, असे समजावे.

वीज आणि कोरडी टाकी

पाटीवर २३० व्होल्ट लिहिलेले असले, तरी गावाकडच्या फीडरवर दाब संध्याकाळी १७० पर्यंत उतरतो आणि दुपारी २५० च्या वर चढतो, हे मी मीटर लावून पाहिले आहे. इलेक्ट्रॉनिक पंपाला हा चढउतार सहसा मानवत नाही, म्हणून त्याच्या कागदावरील व्होल्टेजची मर्यादा वाचावी आणि गरज असेल तर छोटा स्टॅबिलायझर लावावा. एप्रिल ते जूनमधील विजांच्या कडकडाटात गच्चीवरचे कंट्रोलर जळतात, त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर आणि खरे अर्थिंग हवे. पंप इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा असावा, कारण स्क्वेअर वेव्हवर कंडेन्सरच्या मोटरी तापतात.

भर दुपारी वीज गेली की पंप थांबतो, पण ऊन थांबत नाही. साधा फ्लॅट प्लेट कलेक्टर अशा वेळी १५० अंशांवर आणि व्हॅक्यूम ट्यूबचा कलेक्टर २०० अंशांवर जाऊ शकतो. वीज आल्यावर ते तापलेले पाणी व वाफ पाइपात धावते, सांधे निखळतात आणि प्लॅस्टिकचे भाग वितळतात. जेथे दुपारी भारनियमन नित्याचे आहे, तेथे १२ किंवा २४ व्होल्टचा ब्रशलेस डी.सी. पंप थेट छोट्या सौर पॅनेलवर चालवणे मला सर्वांत योग्य वाटते. ऊन वाढले की पंप वेगाने फिरतो, ढग आला की मंदावतो आणि सूर्य मावळला की थांबतो, त्यामुळे महावितरणच्या विजेवर अवलंबून राहावे लागत नाही. पॅनेल पंपाच्या गरजेपेक्षा थोडे मोठे घ्यावे, म्हणजे सकाळच्या तिरप्या उन्हातही पंप सुरू होतो, आणि ते कलेक्टरच्याच दिशेला बसवावे. ब्रश असलेला डी.सी. पंप मात्र स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण रोजच्या चालण्याने त्याचे ब्रश लवकर झिजतात.

चौथे कारण मराठवाड्याला फार जवळचे आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे लातूरकर विसरलेले नाहीत, आणि आजही अनेक शहरांत नळाला पाणी येण्यात दिवसांचे अंतर असते. वरची टाकी रिकामी झाली की गरम पाण्याची टाकीही हळूहळू उतरते, पंप कोरडा फिरतो आणि ज्याचे वंगणच पाणी आहे त्या वेट रोटर पंपाचे बेअरिंग थोड्याच वेळात खराब होतात. थंड पाण्याच्या टाकीत फ्लोट स्विच बसवून तो पंपाच्या वीजजोडणीशी मालिकेत जोडावा, म्हणजे पातळी खाली गेली की पंप आपोआप बंद होतो. हा स्विच पंपाच्या किमतीच्या मानाने फारच स्वस्त पडतो, आणि तो नसेल तर मी संच सुरू करून देत नाही.

कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह

विजेवरच्या पंपाला तापमानाच्या फरकावर चालणारा कंट्रोलर हवा, टाइमर नव्हे, कारण टाइमर ढगाळ दिवशीही पंप चालवून टाकीतील ऊब गच्चीवर उधळतो. कलेक्टर टाकीच्या तळापेक्षा ७-८ अंशांनी गरम झाला की पंप सुरू व्हावा आणि फरक ३ अंशांवर आला की थांबावा, अशी मांडणी येथे चांगली चालते. सेन्सर कलेक्टरच्या निर्गम तोंडाशी अगदी चिकटून हवा. पाइपवर हातभर दूर नुसता टेपने बांधलेला सेन्सर खोटे तापमान दाखवतो. रात्री गरम पाणी उलटे फिरून कलेक्टरमध्ये थंड होऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आवश्यक आहे, आणि त्यात क्षार अडकून तो उघडाच राहत नाही ना, हे सहा महिन्यांनी पाहावे.

दुकानात काय विचारावे

एचपी विचारू नये. ‘तासाला २,००० लिटर प्रवाहाला हा पंप किती हेड देतो’ असे विचारावे आणि त्याचा आलेख मागावा. पाटीवर ‘कमाल हेड ६ मीटर, कमाल प्रवाह ३,५०० लिटर’ असे लिहिलेले असते. ते दोन्ही आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत, कारण कमाल हेडवर प्रवाह शून्य असतो. आपला बिंदू आलेखाच्या मधल्या भागात पडावा. तीन वेगांचा पंप असेल, तर मधल्या वेगावर आपले काम भागते ना, ते पाहावे, म्हणजे पुढे पाइपात क्षार बसल्यावर एक पायरी हाताशी राहते. ग्रुंडफॉस, विलो यांसारख्या नावाजलेल्या कंपन्यांचे असे पंप आपल्याकडे मिळतात. तरीही नावापेक्षा, सुटे भाग व दुरुस्ती लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथे मिळते की पंप पुण्याला पाठवावा लागतो, हे विचारणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. जानेवारीत पंप पंधरा दिवस पुण्याला अडकला, तर ८० मुले थंड पाण्याने आंघोळ करतात. म्हणूनच वसतिगृहात किंवा रुग्णालयात एका मोठ्या पंपाऐवजी तेवढ्याच क्षमतेचे दोन पंप समांतर बसवावेत आणि आठवड्याआड आलटून पालटून चालवावेत.

बसवताना आणि त्यानंतर

पंपाच्या दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन असावे, म्हणजे टाकी रिकामी न करता पंप काढता येतो. वेट रोटर पंपाचा शाफ्ट आडवाच राहिला पाहिजे. तो उभा बसवला तर वरच्या बेअरिंगपाशी हवा साचते आणि ते कोरडे पडते. बॉडीवरील बाण प्रवाहाच्या दिशेने आहे ना हे पाहावे, पंपावर ऊन-पावसापासून सावली करावी पण हवा खेळती ठेवावी. संच भरताना पाणी खालून हळूहळू सोडावे, सर्वांत उंच ठिकाणचा एअर व्हेंट उघडा ठेवावा आणि बुडबुडे थांबल्यावरच पंप सुरू करावा.

पहिल्या दिवशी दुपारी बारा वाजता कलेक्टरकडे जाणाऱ्या व तेथून येणाऱ्या पाइपांचे तापमान आणि पंपाचा अँपिअर मोजून, ते आकडे तारखेसह पंपाशेजारच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून ठेवावेत. औसा रोडच्या त्या गच्चीवर ‘४१ – ४९’ असे आकडे आजही आहेत. दर तीन महिन्यांनी तेथला पहारेकरी त्याच वेळी तापमान मोजतो आणि फरक १२ अंशांच्या वर गेला की मला फोन करतो. गेल्या तीन वर्षांत असा फोन एकदाच आला, आणि तेव्हा गाळणी धुऊन परत बसवण्यापलीकडे काहीही करावे लागले नाही.